जपानची रात्र: आधी शेवटची ट्रेन, मग बार

जपानमध्ये बार किती वाजता बंद होतात, हे विचारण्याआधी शेवटची ट्रेन किती वाजता सुटते हे पाहावं. महाराष्ट्रात ठरलेल्या वेळेला परमिट रूमचं शटर खाली येतं. जपानमध्ये अशी सरसकट वेळ नाही. मध्यरात्रीनंतर दारू देणाऱ्या बारला वेगळी नोंद करावी लागते. ती केली की पहाटेपर्यंत दुकान चालू ठेवता येतं. रात्रीला वेसण घालते ती रेल्वे. टोकियोत बहुतेक मार्गांवरच्या शेवटच्या गाड्या बारा ते एकच्या दरम्यान सुटतात आणि पहिल्या गाड्या साडेचार-पाचला. गाडी बदलून जायचं असेल तर हिशेब आणखी अलीकडे येतो, कारण पहिली गाडी मिळाली तरी पुढची निघून गेलेली असते. नकाशाच्या ॲपमध्ये हॉटेलपर्यंतचा पूर्ण मार्ग टाकून ‘शेवटची गाडी’ हा पर्याय संध्याकाळीच तपासावा.

त्यामुळे माझ्या मते तिथे रात्रीचे दोनच प्रकार असतात: साडेअकराला उठायचं, नाहीतर पाचपर्यंत बसायचं. दीड वाजता निघणं सगळ्यांत महाग पडतं. टोकियोत टॅक्सीचा मीटर ५०० येनपासून सुरू होतो खरा, पण रात्री १० ते पहाटे ५ भाडं २० टक्के जास्त, आणि दहा किलोमीटरला पाच हजार येनच्या आसपास जातात. टोकियोच्याच गिन्झा भागात तर कामाच्या दिवशी रात्री १० ते १ टॅक्सी फक्त ठरलेल्या स्टँडवरूनच मिळते. रस्त्यात उभं राहून हात दाखवला तर कुणी थांबत नाही, आणि नवख्याला त्याचं कारणच कळत नाही.

दारावरच्या वेळा वाचतानाही गोंधळ होतो. ‘१८:००–२६:००’ लिहिलं असेल तर ती चूक नाही. २६:०० म्हणजे रात्रीचे दोन. शुक्रवारच्या पाटीवर २९:०० असेल तर दुकान शनिवारी पहाटे पाचला बंद होणार. पण बंद होण्याच्या वेळेपेक्षा ‘लास्ट ऑर्डर’ची वेळ महत्त्वाची. ती साधारण अर्धा ते एक तास आधी असते, आणि जेवणाची बहुधा दारूच्या आधी. साडेदहाला पोचून अकराला बंद होणाऱ्या इझाकायात, म्हणजे दारूसोबत खाणं देणाऱ्या जपानी खानावळीत, जेवण मागितलं, तर नम्रपणे नकार मिळतो. दुकान उघडं आहे का, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे दारावरचा नोरेन, म्हणजे कापडी पडदा. तो आत घेतलेला असेल तर समजायचं की आज संपलं.

इझाकायात बसल्यावर न मागता एक छोटी वाटी समोर येते. तिला ‘ओतोशी’ म्हणतात आणि माणशी ३०० ते ५०० येन बिलात लागतात. ती फुकटची नाही आणि फसवणूकही नाही. बसण्याचं भाडं समजून द्यावं. शाकाहारी माणसाने मात्र आधी विचारावं, कारण त्यात मासा किंवा माशाचा रस्सा असण्याची शक्यता मोठी. टोफूवरसुद्धा सुकवलेल्या माशाचे तुकडे भुरभुरवलेले असतात. निर्धास्तपणे मागवावी ती एदामामे, म्हणजे मीठ लावलेल्या उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा. ‘नोमिहोदाई’ म्हणजे ठरलेल्या रकमेत हवी तेवढी दारू, पण ९० किंवा १२० मिनिटांत, आणि बहुतेक ठिकाणी टेबलावरच्या सगळ्यांना ती घ्यावी लागते. एकच जण पिणार असेल तर एकेक पेला वेगळा मागवलेला बरा. टिप कुठेच देऊ नये.

शिंजुकू भागातला गोल्डन गाई हा मला टोकियोच्या रात्रीचा सर्वांत जिवंत कोपरा वाटतो. सहा अरुंद गल्ल्यांत दोनशेच्या वर बार, आणि एकेकात पाच ते दहा माणसांची जागा. सातच्या आधी जाऊन उपयोग नाही. नऊनंतर दिवे लागलेले दिसतात आणि अनेक बार पहाटेपर्यंत चालतात. बसायचे ५०० ते १५०० येन वेगळे. रक्कम बहुधा दारावर लिहिलेली असते. काही बार फक्त नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी असतात, तिथे हट्ट करू नये. दोघं-तिघं असाल तर जागा मिळते, सहा जण असाल तर नाही. रोख रक्कम जवळ हवी. कमी पडली तर सेव्हन-इलेव्हनमधलं एटीएम रात्रभर चालू असतं.

तिथून जवळच काबुकिचो हा रात्रीच्या करमणुकीचा भाग आहे. ‘तासाला तीन हजार, हवं तेवढं प्या’ म्हणत रस्त्यावर गाठणाऱ्या माणसामागे कधीच जाऊ नका, मग तो कितीही चांगलं इंग्रजी बोलो. बिलात बसण्याचे, बर्फाचे, शेजारी येऊन बसलेल्या बाईच्या पेयाचे असे पैसे वाढत जातात. अशा दलालीवर बंदी आहे, लाउडस्पीकरवरून इशारेही देत असतात, तरी ती चालतेच. चांगल्या बारला गिऱ्हाईक ओढून आणायची गरज नसते.

नाचायचं असेल तर क्लब मध्यरात्रीनंतरच भरतात. जुन्या कायद्याने रात्रभर नाचायला मनाई होती. २०१६पासून ठरावीक भागांत, दिव्यांचा उजेड १० लक्सपेक्षा जास्त ठेवून, परवान्याने ते चालतं. दारात मूळ पासपोर्ट लागतो, फोनमधला फोटो बऱ्याचदा चालत नाही. दारूचं वय २० पूर्ण. टोकियोतल्या शिबुया स्टेशनच्या परिसरात ऑक्टोबर २०२४पासून संध्याकाळी ६ ते पहाटे ५ रस्त्यावर पिण्यास बंदी आहे. पिऊन सायकल चालवणं हाही गुन्हा आहे, तेव्हा भाड्याची सायकल हा घरी जायचा मार्ग नव्हे. पाचपर्यंत थांबायचंच असेल तर कराओकेची रात्रभराची खोली टॅक्सीपेक्षा स्वस्त पडू शकते. शुक्रवार-शनिवारी तिचे दर चढतात.

ज्यांना हा सगळा हिशेब नकोसा वाटतो त्यांनी फुकुओका शहरात जावं. नाकासू आणि तेन्जिन भागातल्या ‘याताई’, म्हणजे रात्री मांडल्या जाणाऱ्या खाण्याच्या गाड्या, साधारण सहा-सातला लागतात आणि एक-दोनपर्यंत चालतात. हॉटेल जवळ घेतलं तर पायी परत येता येतं. एका गाडीवर आठ-दहा जण मावतात, म्हणून प्रत्येकाने निदान एक पदार्थ आणि एक पेय मागवावं आणि तासाभरात जागा सोडावी. हाकाता रामेन (रश्शातल्या नूडल्स), ओदेन (रश्शात शिजवलेले पदार्थ) आणि याकितोरी (काडीवर भाजलेलं चिकन) मिळतात, कच्चा मासा मिळत नाही. गाडीला स्वच्छतागृह नसतं, ते आधी उरकावं. आणि जोराचा पाऊस असेल तर गाड्या लागतच नाहीत, तेव्हा फुकुओकासाठी एकाऐवजी दोन रात्री राखाव्यात.