कुर्लीचे पाय मोजा

मे महिन्यात वाघोटन खाडीकाठच्या एका खानावळीबाहेर फळा दिसला: ‘किंग क्रॅब मिळेल’. आत जाऊन टोपलीत डोकावलो. डेंगे सुंभाने बांधलेल्या, काळपट हिरव्या, आपल्याच चिखलातल्या कुर्ल्या. मला खरंच वाईट वाटलं. कांदळवनाच्या बिळात वाढलेल्या कुर्लीला उसनं नाव कशाला?

खरा किंग क्रॅब मी पाहिलाय. नॉर्वेच्या अगदी उत्तरेला, किर्केनेसला आमचं जहाज लोखंडाचं खनिज भरायला लागलं होतं. धक्क्यावर एका मच्छीमाराने पिंजऱ्यातून लालसर, काटेरी धूड काढलं. पाय पसरले तर जवळजवळ वावभर. हा तिथलाही मूळ रहिवासी नव्हे. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात पॅसिफिकमधून आणून तो मुर्मान्स्कच्या बाजूला सोडला, तिथून तो पसरत नॉर्वेत आला. त्याचं मूळ घर म्हणजे कामचात्का, ओखोत्स्कचा समुद्र, बेरिंग समुद्र, अलास्का आणि खाली जपानचं होक्काइडो. अलास्काच्या ब्रिस्टल उपसागरात माद्या इतक्या घटल्या की २०२१ आणि २०२२चे सलग दोन हंगाम पकड बंद ठेवावी लागली.

फोटो आईला पाठवला. तिचा लगेच फोन: “ह्येका पाय कमी कशे रे?”

मी परत मोजले. आपल्या कुर्लीला डेंग्यांसकट दहा, शेवटची जोडी वल्ह्यासारखी चपटी. ह्याचे आठच दिसत होते. पुढे वाचलं तेव्हा कळलं, पाचवी जोडी बारीक असते आणि कवचाखाली दुमडलेली; कल्ले साफ करायला ती वापरतात. शंखात राहणाऱ्या खेकड्यांच्या कुळातून हा आलाय. आई आयुष्यभर खाडीत कुर्ल्या धरत आली, तिची नजर चुकली नाही.

त्याला थंडगार पाणी लागतं. लहान पिल्लं उथळ पाण्यात हजारोंनी एकमेकांवर ढीग करून राहतात, मोठे खोल उतरतात आणि हिवाळा सरताना कात टाकायला, जुळायला वर येतात. आपला समुद्र पंचवीस-तीस अंशांचा, इथे तो जगायचा नाही. (जुन्या इंग्रजी पुस्तकांत घोड्याच्या नालेसारख्या एका जिवालाही किंग क्रॅब म्हटलंय. तो ओडिशाच्या किनाऱ्यावर सापडतो, पण तो खेकडाच नव्हे, कोळी-विंचवांच्या गोतातला.)

खानावळवाल्याला हे सगळं सांगितलं. त्याने टोपलीतली एक कुर्ली उचलली, उलटी केली आणि मोठ्याने मोजायला लागला. “धा भरले,” म्हणाला.