कारवारात भाड्याचं घर: बेळगावहून जाणाऱ्यांसाठी

मुलीची बदली कारवारला झाली आणि ऐन मे महिन्यात आम्ही घर शोधायला निघालो. खानापूर, लोंढा, रामनगर, जोयडा, मग अणशी घाट उतरून कद्र्यावरून खाली. रस्ता काली व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातला, त्यामुळे जेवण आणि पेट्रोल रामनगरलाच उरकून घ्यावं. पावसाळ्यात या घाटात दरडी कोसळतात. सामानाचा टेम्पो न्यायचा तर जूनच्या आधी न्या. रेल्वेनं जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, स्टेशन गावात नाही, बाहेर शिरवाडला आहे.

मे मुद्दाम निवडला होता. किनाऱ्यावर घराच्या आधी पाणी बघायचं, आणि विहीर खरी कशी आहे ते मेमध्येच कळतं. चार पाऊस पडले की सगळ्याच विहिरी गोड. कोडीबागेत एक चिरेबंदी, मंगळुरी कौलांचं घर मला फार आवडलं. मी गप्पच बघत उभा, तसं आमच्या सौ. म्हणाल्या, "भिंती काय बघूलायसा, पाणी बघा की आधी!" घरमालकीण आजींनी विहिरीतून कळशी ओढून दिली. चवीवरून नीटसं कळेना. सौ.नी पिशवीतून साबणाची वडी काढली आणि हात चोळले. फेस नाहीच, तळव्यावर नुसता पांढरा चिकट चोथा. आजी सरळ मनाच्या. "पावसांत बरें जाता," एवढंच म्हणाल्या. अशा क्षाराच्या पाण्यात डाळसुद्धा शिजता शिजत नाही.

समुद्राकडच्या खिडकीचे गज नुकतेच रंगवलेले होते. नखानं टोकरलं तर रंगासकट गंजाचा पापुद्रा खारीसारखा सुटून आला. जे गजाचं होतं तेच फ्रिजचं, एसीचं, मिक्सरच्या स्क्रूचं होतं. त्यामुळे समुद्र दिसणारं घर, त्यासाठी जास्त भाडं, हा हिशेब मला पटत नाही. दोन गल्ल्या आत घ्या. आम्ही काजूबागेत वरच्या मजल्यावरचं घर घेतलं. नळ रोज येतो की आड दिवसानं, हे मालकाला विचारण्यापेक्षा खालच्या बिऱ्हाडाला विचारा.

काली नदीपलीकडे सदाशिवगडलाही घरं बघितली, मोकळी आणि हवेशीर. पण ऑगस्ट 2024 मध्ये कालीवरचा जुना पूल कोसळला, आणि नोकरी कारवारात असलेल्याला उरलेल्या नव्या पुलावरूनच रोज ये-जा करायची. दक्षिणेला चेंडिया, अरगा भागात घर बघाल तर मागच्या पावसात पाणी कुठवर आलं होतं ते शेजारी विचारा. भिंतीवरची ओल पुष्कळ सांगते.

भाडं मात्र छोट्या गावाच्या मानानं चढंच. नौदलाचा तळ आणि कैगा प्रकल्प, दोन्हीकडच्या कामांवर आलेली माणसं इथेच घरं शोधतात. मालक पहिला प्रश्न 'फॅमिली की बॅचलर' हाच विचारतो, म्हणून आईवडिलांनी एकदा तोंड दाखवावं. कोणी महिन्याच्या भाड्याऐवजी एकरकमी पैसे घेऊन लीजवर देऊ पाहतं. मोठी रक्कम अडकते, आणि घर कुठे गहाण आहे का हे बघितल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

बोलणं कोंकणी-मराठीत सहज होतं. करार मात्र कन्नडात येतो, अकरा महिन्यांचा, कारण वर्षापेक्षा जास्त मुदत झाली की नोंदणी करावी लागते. आपल्याला बाजारापुरतं कन्नड येतं म्हणून सही करू नका, कुणाकडून तरी ओळ न् ओळ वाचून घ्या. घर सोडताना रंगाचे पैसे ॲडव्हान्समधून किती कापणार, हा आकडा त्यातच लिहून घ्यावा. खाऱ्या हवेत रंग टिकत नाही, आणि तोडातोडी नेमकी तिथेच होते.

वीज इथेही हेस्कॉमचीच. गृहज्योती, म्हणजे कर्नाटक सरकारची घरगुती मोफत विजेची योजना, भाडेकरूलाही मिळते, पण एका माणसाला एकाच मीटरवर. बेळगावचं मीटर माझ्या नावानं जोडलेलं, म्हणून कारवारचा आरआर नंबर (वीजजोडणीचा क्रमांक) मुलीच्या आधारला जोडला. त्याआधी जुन्या भाडेकरूचं आधार त्यावरून काढून घ्यावं लागतं. किल्ली घ्यायच्या आधीच मालकाला तेवढं करायला लावा, नंतर तो फोन उचलत नाही.