उलटा ठेवलेला तुकडा

साताऱ्यात वाढलेल्या माणसाला दगड म्हणजे काळाच. गडाचा तट काळा, विहिरीचं बांधकाम काळं, ओढ्यातला धोंडाही काळा. ग्रॅनाइट आपल्याला माहीत तो कर्नाटकातून ट्रकनं येणारा, स्वयंपाकघरातल्या ओट्याचा. मी भूशास्त्र शिकलेला, तरी कोयना खोऱ्यातल्या खोल बोअरचे कोअर तपासायला लागेपर्यंत माझ्याही डोळ्यांसमोर ओटाच यायचा.

कराडजवळच्या शेडमध्ये कोअरच्या पेट्या रांगेनं मांडलेल्या असत. मनगटाएवढ्या जाडीच्या दगडी कांड्या, खोलीच्या क्रमानं. रासाटीच्या बोअरमध्ये ९३२.५ मीटरपर्यंत नुसता बेसाल्ट, म्हणजे आपला काळा दगड, लाव्हाच्या थरावर थर. त्याखाली थेट ग्रॅनाइट आणि त्याच्याच जातीचा, दाबाखाली पट्टेदार झालेला नाइस, मध्ये वाळू नाही की गाळ नाही.

त्या दिवशी मी बेसाल्टमधल्या एका गेरूच्या थरापाशी अडकलो होतो. दोन लाव्हांच्या मधल्या काळात वरचा पृष्ठभाग कुजून माती होते, पुढचा लाव्हा तिच्यावर येऊन तिला भाजून काढतो, तोच हा तांबडा पट्टा. पण इथं काळा दगड खाली जाता जाता हळूहळू तांबूस होत गेलेला आणि पट्टा संपला की एकदम घट्ट काळा. असं कसं? मी भेग शोधली, भेगेतून आलेलं गरम पाणी शोधलं आणि नोंदवहीत अर्धं पान सिद्धान्त लिहून काढला. चांगला जमलाय असं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

पेट्या उचलायला तात्या होते. पाटण तालुक्यातले, वडिलांबरोबर विहिरी खोदण्यात अर्धं आयुष्य गेलेलं. ओलं फडकं घेऊन माझ्यामागे उभे होते.

"सर, ह्यो तुकडा उलटा हाय."

"कशावरून?"

"गेरूच्या वर काळा एकदम लागतो. खाली कुजका, मग ठिपक्यांचा मांजऱ्या, मग काळा. विहिरीत दरवेळी तसंच लागायचं की."

मी हातभर लांबीची ती कांडी उचलून फिरवली. तुटलेली टोकं शेजारच्या तुकड्यांत दातांत दात बसावेत तशी बसली. सकाळी फोटोसाठी मीच ती धुऊन काढली होती. पाण्यानं खडूची खूण गेली आणि ठेवताना उलटी ठेवली. कुजणं वरून खाली होतं, त्यामुळे तांबड्याची खालची कड विरत जाणार आणि वरची सुरीनं कापल्यासारखी राहणार. परीक्षेत हे मी लिहिलं होतं. अर्ध्या पानावर काट मारली. तात्या हसले नाहीत, ते त्यांचं मोठेपण.

दुपारी त्यांना शेवटच्या पेट्या दाखवल्या. त्यांनी फडकं फिरवलं तसा ओल्या ग्रॅनाइटात फिक्या गुलाबी, करड्या दाण्यांमध्ये काळ्या अभ्रकाची चमक उठली. काळा आणि पांढरा जिथं भेटतात तिथं त्यांनी एक बोट वर, एक खाली ठेवलं. वरचा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, खालचा अडीचशे कोटींहूनही जुना. दोन बोटांमधल्या त्या वीतभर दगडात जवळजवळ अडीचशे कोटी वर्षांचा हिशेब नाही.

"सर, भूकंप काळ्यात हुतो का पांढऱ्यात?"

कोयनेचा मोठा भूकंप झाला त्या ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तात्या पाच-सहा वर्षांचे होते. आईनं ओढून बाहेर काढलं तेवढं आठवतं, म्हणाले.

"बहुतेक पांढऱ्यात. काळा वरचा किलोमीटरभर. धक्के त्याच्या खाली, काही किलोमीटरवर."

"मग आमची म्हातारी धरणाला शिव्या द्यायची ते उगाच?"

उगाच नाही, मी म्हटलं. कोयना धरणामागच्या शिवसागर जलाशयाचं पाणी साठायला लागलं १९६२ च्या सुमाराला. एवढ्या पाण्याचा भार, शिवाय भेगांतून खाली उतरणाऱ्या पाण्याचा दाब. खालचा खडक आधीच ताणात असेल तर तेवढ्यानं सरकतो. धरण ताण आणत नाही, निमित्त होतं. अजूनही तिथले धक्के धरणातलं पाणी चढण्या-उतरण्याशी जुळताना दिसतात.

तात्यांनी थोडा विचार केला.

"म्हंजे निम्म्या शिव्या बरोबर व्हत्या."

मग माझ्या हातातला खडू घेऊन त्यांनी गेरूच्या कांडीवर बाण काढला आणि शेजारी ठळक अक्षरात लिहिलं, 'वर'.