ओतून घेतलेल्या बाटलीवरचे लेबल

कामाच्या ठिकाणी अग्निसुरक्षेची तपासणी करताना मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती मोठ्या पिंपांची नव्हे, तर त्यांतून ओतून घेतलेल्या छोट्या बाटल्यांची. पिंपावर लाल चौकटीतील ज्वालेचे चिन्ह, ‘धोका’ हा इशारा आणि रसायनाचे नाव ठळक छापलेले असते. बाटलीवर मात्र पुष्कळदा काहीच नसते. गेल्या महिन्यात कपाटात अशीच एक बाटली सापडली. तिच्यावर पेनाने लिहिलेली अक्षरे आतल्याच द्रवाने विरघळून निळसर ओघळ तेवढा उरला होता. आत ॲसिटोन होते. उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपासही त्याची वाफ पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत सरकत दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते.

संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जीएचएस या, रसायनांचे वर्गीकरण आणि लेबले सगळीकडे एकसारखी ठेवण्याच्या पद्धतीत, ज्वालेसारखी धोका दाखवणारी नऊ चिन्हे आहेत, आणि ती साफसफाई करणाऱ्यांपासून व्यवस्थापकांपर्यंत प्रत्येकाला ओळखता आलीच पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. आग लागल्यावर पाणी मारायचे की फेस, हे ठरवायला अग्निशामक दलाला बाटलीतला पदार्थ आधी कळावा लागतो. आता आम्ही द्रव ओतण्यापूर्वीच रिकाम्या बाटलीवर न विरघळणाऱ्या शाईचे छापील लेबल लावतो.