ताशी उणे चौसष्ट

मे महिन्यातल्या एका दुपारी, यंदा दहावीत जाणारी शेजारची मुलगी बीजगणिताची वही तपासून घ्यायला आली. एक रेल्वेगाडी एकसमान वेगाने ३६० किमी अंतर जाते, तिचा वेग ताशी ५ किमीने अधिक असता तर तिला १ तास कमी लागला असता, तर तिचा वेग किती? मुलीने वर्गसमीकरण नीट मांडले होते, अवयव पाडले होते आणि ताशी ४० हे उत्तर चौकटीतही घातले होते. तपासण्यासारखे काही उरलेच नव्हते. माझी नजर अडकली ती चौकटीच्या वरच्या ओळीवर: ‘परंतु वेग ऋण नसतो, म्हणून क्ष = −४५ अग्राह्य.’ हीच ओळ आम्हीही लिहीत असू, आणि ती लिहिली नाही तर आमचे सर उत्तर बरोबर असूनही अर्धा गुण कापत.

अशी गणिते उत्तराकडून मागे घडवलेली असतात, हे कळायला मला शाळा सोडावी लागली. दोन वेग ठरवायचे, त्यांचा गुणाकार करायचा आणि त्यांच्यातल्या फरकाने भागायचे; जे अंतर येईल ते कापायला हळू गाडीला बरोबर एक तास जास्त लागतो. ४० गुणिले ४५ भागिले ५, म्हणजे ३६०. मधल्या पदाची फोड इतकी आज्ञाधारकपणे होते ती याचमुळे. एकदा हे गुपित हाती लागल्यावर मला खऱ्या गाड्यांना या साच्यात बसवून पाहण्याचा छंद लागला आणि आपल्या मुंबई–पुणे लोहमार्गाने मला फार सुख दिले. हे अंतर १९२ किमी आहे. ताशी ४८ ने गेले तर चार तास, ताशी ६४ ने गेले तर तीन तास, आणि ४८ गुणिले ६४ भागिले १६ बरोबर १९२! रूळ टाकणाऱ्यांनी पेपर काढणाऱ्यांची सोय पाहिली असेल असे नाही, पण दख्खनची राणी १९३० सालापासून याच १९२ किलोमीटरांवरून धावते आहे आणि तिच्यावर असे गणित माझ्या तरी पाहण्यात कधी आले नाही.

अर्थात, गणितातल्या गाडीला कर्जत नसते. सुट्टी संपली की आम्ही दादरच्या मावशीकडून पुण्याला परतत असू, तेव्हा वडील मनगटावरचे घड्याळ काढून माझ्या हाती देत आणि रुळांकडेच्या किलोमीटरच्या पाट्या मोजायला सांगत. दोन पाट्यांमध्ये ७५ सेकंद गेले की ताशी ४८, आणि ६० सेकंद गेले की ताशी ६०. हा भागाकार मी खिडकीशीच शिकले. कर्जतला मात्र सगळा हिशेब थांबे. फलाटावर वडेवाल्यांचा गलका चालू असताना गाडीच्या मागे तिला ढकलणारी बँकर इंजिने लागत, मागून एक दणका बसे, आणि मग बोरघाटात ३७ मीटरला १ मीटर अशा चढावर गाडी अशी काही चढू लागे की पुढची पाटी येईपर्यंत माझा वडा संपून जाई. ‘एकसमान वेगाने’ हे शब्द वाचले की मला अजूनही कर्जतचा तो दणका आठवतो, आणि गणित रचणाऱ्याला एकदा त्या गाडीत बसवावे असे वाटते.

पण माझा खरा हट्ट त्या ऋण उत्तराबद्दल आहे. मुंबई–पुण्याचे समीकरण सोडवले तर ४८ आणि −६४ अशी दोन उत्तरे येतात, आणि ज्या −६४ वर आपण रेघ मारतो ती संख्या आपल्याच जलद गाडीचा वेग उणे चिन्हाखाली मिरवत असते. ३६० किमीच्या गणितातही टाकलेले उत्तर −४५ च होते. ‘वेग ताशी १६ ने कमी असता तर १ तास जास्त लागला असता’ असा प्रश्न उलटा विचारून पाहावा; आता ६४ ग्राह्य ठरते आणि −४८ बाहेर जाते. समीकरणाला दोन्ही गाड्या ठाऊक असतात, आपण चौकशी मात्र एकीचीच केलेली असते. आलेल्या पाहुण्याला नाव न विचारता दारातूनच परत पाठवावे, तसे आपण त्या ऋण उत्तराशी वागतो, आणि वर त्याबद्दल गुण मिळवतो.

ही रेघ मारण्याची परंपरा जुनी आहे. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या ‘बीजगणिता’त वानरांचा एक कळप आहे: त्याच्या पाचव्या भागातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकी वानरे गुहेत शिरली आणि एक फांदीवर दिसते आहे. उत्तरे ५० आणि ५ अशी दोन येतात. पाच वानरांचा पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले की उणे दोन उरतात. म्हणून आचार्यांनी ५ हे उत्तर सोडून दिले, आणि कारण असे दिले की प्रत्यक्ष वस्तूंची संख्या ऋण असणे लोकांना पटत नाही. उणे दोन वानरे असूच शकत नाहीत, असे ते म्हणत नाहीत. लोकांना पटत नाही, एवढेच म्हणतात. आमच्या वहीतल्या ओळीपेक्षा मला ही सबब अधिक सभ्य वाटते.

हे सारे मी त्या मुलीला उत्साहाने सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि पान उलटून नावेचे गणित पुढे केले. संथ पाण्यात ताशी १८ किमी जाणाऱ्या नावेला २४ किमी अंतर प्रवाहाविरुद्ध कापायला प्रवाहाच्या दिशेपेक्षा १ तास जास्त लागतो. प्रवाहाचा वेग ताशी ६ आणि दुसरे उत्तर −५४. तिने विचारले, या ५४ मध्ये कोण बसले आहे? मी कागद घेतला. प्रवाह उलट्या दिशेने ५४ ने वाहतो असे धरले तर नाव जाताना २० मिनिटांत पोहोचते आणि येताना तिला उणे ४० मिनिटे लागतात, म्हणजे फरक बरोबर एक तासाचा पडतो. पण उणे ४० मिनिटांत परत येणाऱ्या नावेत कोणाला बसवावे, हे मला सुचले नाही. तेव्हा तिथे अग्राह्य असे लिहून टाक, असे मी तिला सांगितले.