मेरिलेचा गुरांचा बाजार: रस्ता, पावती आणि लस

उत्तर केनियातल्या मार्साबिट काउंटीत मेरिले नावाचं छोटं गाव आहे. इसिओलोहून मोयालेकडे जाणाऱ्या ए-2 महामार्गावर साधारण 136 किलोमीटर गेलं की ते लागतं. आठवड्यातून एकदा तिथे गुरांचा बाजार भरतो. रेंडिले आणि संबुरू पशुपालक शेळ्या, मेंढ्या, गाई, उंट घेऊन येतात आणि व्यापारी ट्रक भरून नैरोबीकडे नेतात. रस्त्यांची जोखीम, व्यापारावरचा कर आणि पशुवैद्यकीय सेवा असे तीन विषय घेऊन आमचं पथक तिथे गेलं होतं. याच किंवा अशाच कामासाठी जाणाऱ्यांना ही टिपणं उपयोगी पडावीत.

तिन्ही विषयांसाठी एकच बाजार निवडण्याचं कारण केनियाच्या 2010 च्या संविधानात आहे. त्याच्या चौथ्या अनुसूचीत काउंटीच्या कामांची यादी आहे आणि काउंटीचे रस्ते, बाजार व व्यापार परवाने, जनावरांचे विक्रीतळ आणि पशुरोग नियंत्रण ही सगळी त्याच यादीत येतात. 2013 पासून 47 काउंट्या ही कामं पाहतात. म्हणजे मोरी वाहून गेली, बाजारशुल्क बुडालं आणि लस वेळेत पोचली नाही, तर तिन्हींचा जाब एकाच कचेरीत विचारावा लागतो. तीन अभ्यासकांनी तीन वेगवेगळ्या आठवड्यांत जाऊन तीन अहवाल लिहिले तर हा धागा हातातून निसटतो. एक अपवाद आधीच नोंदवून ठेवा: ए-2 महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे आणि त्याला मिळणारे कच्चे फाटे बहुतेक काउंटीकडे. कोणती मोरी कोणाची, हे पाहणीच्या तक्त्यात पहिल्याच रकान्यात लिहा.

कागदपत्रं

केनियात संशोधनासाठी नाकोस्टी या राष्ट्रीय आयोगाचा परवाना लागतो. परदेशी अभ्यासकाला आधी एखाद्या केनियन संस्थेशी संलग्न व्हावं लागतं, त्यामुळे सुरुवात त्या पत्रापासून करा. मुलाखती घ्यायच्या असतील तर मान्यताप्राप्त नीतिसमितीची मंजुरीही हवी. हे सगळं तीन महिने आधी हातात घ्या. प्रवेशाचा ऑनलाइन परवाना म्हणजे संशोधनाची परवानगी नव्हे. जनावरांचं रक्त किंवा स्वॅब घ्यायचे असतील तर पशुवैद्यकीय संचालनालयाकडे वेगळी विचारणा करावी लागते. काउंटीत पोचल्यावर कागदांच्या छापील प्रती काउंटी आयुक्तांच्या कचेरीत देऊन पोच घ्या. ही पोच मळकी होईपर्यंत वापरावी लागते, म्हणून चार प्रती जवळ असू द्या.

रस्ता

नैरोबी ते इसिओलो साधारण 280 किलोमीटर, एका दिवसाचा सरळ प्रवास. इंधनाच्या टाक्या इसिओलोत काठोकाठ भरा. पुढे आर्चर्स पोस्टला एवासो न्गिरो नदी ओलांडली की कोरडा मुलूख सुरू होतो. या भागात गुरं पळवण्यावरून चकमकी होतात. रात्रीचा प्रवास करू नका आणि निघण्याच्या सकाळी पुढच्या टप्प्यावरच्या पोलीस चौकीकडून खबर घ्या.

महामार्ग डांबरी आणि चांगला आहे. खरी जोखीम फाट्यांवर आहे. इथल्या कोरड्या वाळूच्या ओढ्यांना सगळे 'लागा' म्हणतात. आभाळ निरभ्र असताना लागा भरून येतो, कारण पाऊस पडलेला असतो दूरच्या डोंगरात. पाण्याचं तोंड येताना आधी काटक्याकुटक्या आणि फेस दिसतो, आणि मागून लोंढा. पात्रात गाडी थांबवून मोजमाप घेणाऱ्यांनी एक माणूस वरच्या अंगाला, आवाज पोचेल एवढ्या अंतरावर उभा ठेवावा. 15 सेंटिमीटर वेगवान पाण्यात माणसाचा पाय सुटतो, 30 सेंटिमीटरमध्ये लहान गाडी तरंगू लागते आणि 60 सेंटिमीटर पाणी जीपलाही ओढून नेतं. पाणी ओसरल्यावरही घाई नको, कारण ओल्या वाळूखाली काल नसलेला खड्डा आज असतो. काठी टोचत आधी चालत पार करा.

पाहणीत फरशी पूल आणि मोऱ्या वेगळ्या मोजा. फरशी पुलाचं दुखणं नेहमी खालच्या अंगाला असतं. पाणी फरशीवरून उडी मारून पडतं तिथे पात्र खणलं जातं, खड्डा मागे सरकत फरशीच्या पायाखाली येतो आणि मग एका पुरात अख्खा तुकडा तुटतो. वरून फरशी ठणठणीत दिसते. म्हणून खाली उतरून कडेखाली काठी घालून पाहा. अर्धा मीटर आत गेली तर तो पूल पुढच्या पावसाळ्याचा भरवशाचा नाही असं समजा. तारेच्या जाळीतले दगड बसवलेले असले तरी तार गंजून फाटली आहे का ते हात लावून तपासा.

मोरीचं दुखणं वरच्या अंगाला. नळ्यात वाळू किती भरली आहे ते मोजा. व्यास 900 मिलिमीटर आणि वाळूवर मोकळी उंची 400 असेल तर निम्म्याहून जास्त वाट आधीच बंद आहे. पुराचं पाणी किती आलं होतं याचा अंदाज बाभळीच्या फांद्यांत अडकलेलं वाळकं गवत देतं. वळण नसलेल्या सरळ भागात तीन ठिकाणी खुणांची उंची, पात्राची रुंदी आणि उतार मोजून पाण्याचा वेग काढणारं मॅनिंगचं सूत्र लावा. एक नमुना हिशेब: रुंदी 12 मीटर, खोली 0.6 मीटर, उतार 0.006, खडबडीतपणाचा गुणांक 0.035 धरला तर वेग सेकंदाला साधारण दीड मीटर आणि विसर्ग साडेदहा घनमीटरच्या आसपास येतो. 900 मिलिमीटरचे दोन नळे स्वच्छ असले आणि त्यांतून पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने गेलं, तरी अडीच घनमीटरच जातील. उरलेलं पाणी भरावावरून जाणार आणि खालचा उतार कुरतडणार. असा आकडा दाखवला की 'रस्ता खराब आहे' या तक्रारीला अभियंत्यापुढे वजन येतं.

सामान थोडं लागतं: 30 मीटरची टेप, दोन मीटरची पट्टी, उतार मोजण्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी, जीपीएस आणि एक लांब काठी. फोनमधला उतारमापक या कामाला पुरत नाही. 0.006 सारखा उतार त्यावर दिसतच नाही.

बाजाराचा दिवस

आदल्या संध्याकाळी पोचा. कळप पहाटेपासून येऊ लागतात आणि दुपारनंतर ट्रक भरून निघतात. मोजणीची जागा म्हणजे आत येणारं तोंड. दोघांनी स्वतंत्रपणे मोजावं, 30 मिनिटांच्या तुकड्यांत, शेळ्या आणि मेंढ्या वेगळ्या. स्वाहिलीतले म्बुझी (शेळी), कोंडो (मेंढी), न्गोंबे (गाय), न्गामिया (उंट), उशुरू (कर) आणि चांजो (लस) हे शब्द पाठ असू द्या. दलालाला 'दलाली' म्हणतात, तो शब्द आपल्याला शिकावा लागत नाही.

कराची माहिती विचारण्याची पद्धत बिघडली की पूर्ण दिवस वाया जातो. शुल्क गोळा करणाऱ्याच्या शेजारी उभं राहून प्रश्न विचारू नका. तुम्ही वसुलीचीच माणसं आहात असा समज पसरतो आणि तो पुढच्या बाजारापर्यंत टिकतो. 'नफा किती' हा प्रश्नही टाळा. त्याऐवजी मागच्या एका ट्रकचा हिशेब एकेक ओळीने विचारा: जनावरं किती, खरेदी काय भावाने, दलालाला काय, चढवणाऱ्यांना काय, काउंटीचं प्रति जनावर शुल्क, पशुवैद्याचा हालचाल परवाना, ट्रकभाडं, सोबत जाणाऱ्या गुराख्याचा खर्च, वाटेत मेलेली जनावरं, आणि नैरोबीत किआमाइको या शेळ्यांच्या बाजारात विक्री कोणत्या भावाने. लोक ओळीगणिक खरं सांगतात. बेरीज घरी करा. करदाता क्रमांक लिहून घेऊ नका. 2019 चा विदासंरक्षण कायदा लागू आहे आणि तो क्रमांक अभ्यासाला लागतही नाही.

राष्ट्रीय पातळीवर उलाढाल कर, म्हणजे नफ्याऐवजी एकूण विक्रीवर लागणारा कर, आहे. जुलै 2023 पासून त्याचा दर 1 वरून 3 टक्के झाला. वर्षाची उलाढाल 10 लाखांपेक्षा जास्त आणि 2.5 कोटी शिलिंगांपर्यंत असणाऱ्या व्यवसायांना तो लागतो आणि विवरण पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत द्यायचं असतं. शेळ्यांच्या व्यापाऱ्याला हा दर कसा बसतो ते समजण्यासाठी मानीव आकडे घेऊ. आठवड्याला 30 शेळ्या, विक्री प्रत्येकी 7,000 शिलिंग. वर्षाची उलाढाल होते 1 कोटी 9 लाख 20 हजार आणि कर 3,27,600. शेळीमागे सगळा खर्च वजा जाता 500 शिलिंग सुटत असतील तर वर्षाची कमाई 7,80,000. म्हणजे कमाईतला 42 टक्के हिस्सा करात जातो. तीन टक्के हा आकडा ऐकायला लहान आहे, पण भांडवल झपाट्याने फिरवून पातळ नफ्यावर जगणाऱ्या धंद्याला तो फार जड आहे. उलाढाल कर सोडून नेहमीच्या आयकरात जाण्याची मुभा आहे, पण तिथे खर्चाच्या पावत्या लागतात, आणि कुरणातून शेळी विकायला आणणारा पशुपालक पावती कुठून देणार? मुलाखतींत हा प्रश्न नक्की घ्या.

काउंटीच्या शुल्काबाबत संविधानाचं कलम 209 वाचून जा. काउंटीच्या वसुलीने सीमेपलीकडच्या व्यापाराला आणि मालाच्या ये-जा करण्याला बाधा येऊ नये, असं त्याचं पाचवं उपकलम सांगतं. त्यामुळे एका ट्रकने वाटेत किती ठिकाणी, कशाच्या नावाने पैसे भरले, त्या पावत्यांचे फोटो मिळवा. शुल्कनोंदीची वही पाहायला मिळाली तर आठवड्यागणिक जनावरांची संख्या उतरवून घ्या. त्या ओळीशेजारी रस्ता बंद असल्याच्या तारखा मांडल्या की वाहून गेलेल्या एका मोरीने काउंटीचं किती उत्पन्न बुडालं ते आकड्यात दिसतं.

लस

लसीकरण बाजारात करू नका. तिथली जनावरं दहा ठिकाणांची, बरीचशी कत्तलीला जाणारी, आणि लशीचं संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. बाजारात फक्त विचारपूस आणि निरीक्षण करा. खोकणारे कळप कोणत्या बाजूने आले ते नकाशावर टाका आणि लस त्या बाजूच्या वस्तीवर किंवा पाणवठ्यावर न्या.

दोन रोगांची गल्लत होते. पीपीआर हा विषाणूजन्य रोग शेळ्या आणि मेंढ्या दोघांना होतो: डोळ्यानाकातून घाण, तोंडात व्रण, हगवण. केनियात तो असल्याचं 2006 मध्ये तुर्काना काउंटीत नक्की झालं. दुसरा शेळ्यांचा सांसर्गिक फुप्फुसदाह. त्याचा जंतू 1976 साली केनियातच वेगळा केला गेला, आणि संबुरू लोक फुप्फुसाच्या या दुखण्याला 'ल्किपेई' म्हणतात. त्यात ताप, खोकला, धाप असते, तोंडात व्रण नसतात आणि मेंढ्या सहसा धडधाकट राहतात. म्हणून पहिला प्रश्न 'मेंढ्यांचं काय?' हाच विचारा.

लशीही वेगळ्या वागतात. पीपीआरची लस जिवंत विषाणूची, गोठवून सुकवलेली. उष्णता तिला मारते, गारठा नाही. फुप्फुसदाहाची लस मृत जंतूंची, तिचा परिणाम वाढवणारं सॅपोनिन घातलेली. ती गोठली की संपली. दोन्ही एकाच पेटीत नेताना बर्फाच्या विटा फ्रीझरमधून काढून थेट ठेवू नका. हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत बाहेर राहू द्या, मग पेटीत लावा. तापमापक फुप्फुसदाहाच्या बाटल्यांना चिकटून ठेवा आणि 2 ते 8 अंशांत आहे का ते तासाला लिहा.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक वेगळीच आहे. लस पेटीत थंड असते आणि ती विरघळवायचं द्रावण गाडीच्या सीटवर तापत पडलेलं असतं. 35 अंशांच्या द्रावणात लस मिसळली की आठवडाभर सांभाळलेली शीतसाखळी अर्ध्या मिनिटात तुटते. द्रावण आदल्या रात्रीपासून थंड ठेवा. सिरिंज स्पिरिटने धुऊ नका, उरलेला थेंबही जिवंत विषाणू मारतो. उकळून कोरडी केलेली सिरिंज वापरा. मात्रा 1 मिलिलिटर कातडीखाली, सुई निदान कळपागणिक नवी, काम सावलीत. विरघळवलेली बाटली लगेच संपवायची, म्हणून एका वेळी एकच फोडा.

बाटली 100 मात्रांची असते. 1,200 शेळ्यामेंढ्यांसाठी 15 टक्के नासाडी धरून पीपीआरच्या 14 बाटल्या लागतात. त्यांत 800 शेळ्या असतील तर 10 टक्के नासाडी धरून फुप्फुसदाहाच्या लशीच्या 880 मात्रा, म्हणजे 9 बाटल्या. 30 शेळ्यांच्या वस्तीसाठी बाटली फोडली तर 70 मात्रा मातीत जातात, म्हणून आदल्या दिवशी निरोप पाठवून तीन-चार वस्त्यांचे कळप कुरणात सुटण्याआधी एकत्र आणा.

औषधविक्रीची पाहणी करताना ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाच्या बाटलीवरची टक्केवारी वाचा. 10 आणि 20 टक्के अशा दोन्ही मिळतात आणि दोन्हींची मात्रा साधारण 10 किलोला 1 मिलिलिटर, म्हणजे शरीरात जाणारं औषध दुप्पट वेगळं. 30 किलोच्या शेळीला 3 मिलिलिटर हवं असताना बाटली पुरवण्यासाठी 1 दिलं जातं, आणि मग औषधच वाईट ठरतं. 2011 च्या कायद्याने उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्य आणि सहायकांपुरता ठेवला आहे. तरीही कचेरीपासून दूरच्या वस्तीत सुई गावातलाच माणूस टोचतो. त्याची पद्धत लिहा, नाव लिहू नका.

मोठ्या पावसानंतर जात असाल तर डासांमुळे पसरणाऱ्या आणि जनावरांकडून माणसालाही होणाऱ्या रिफ्ट व्हॅली तापाची आठवण ठेवा. 1997-98 आणि 2006-07 च्या साथी अतिवृष्टीनंतरच आल्या. मेंढ्या एकदम मोठ्या संख्येने गाभडू लागल्या की हातमोज्यांशिवाय कशालाही हात लावू नका, मोजणी थांबवा आणि त्याच दिवशी उपकाउंटीच्या पशुवैद्यांना कळवा. त्या काळात जनावरांची ने-आण बंद होते, बाजार भरत नाही आणि फाटेही वाहून गेलेले असतात. अशा आठवड्यांसाठी वेळापत्रकात दहा दिवस मोकळे ठेवा.

मुक्कामाला जवळचं लैसामिस गाव सोयीचं. पिण्याचं पाणी माणशी रोज 5 लिटर बरोबर न्या. पीतज्वराची लस निघण्याआधी किमान 10 दिवस घ्या आणि पिवळं कार्ड हातसामानात ठेवा. ते नसेल तर भारतात परतताना विलगीकरणात थांबवतात.