नागपुरात राहायला येताय? तुम्ही विचारलंत म्हणून

मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योग क्षेत्रात, नोकरी लागून, बदली होऊन किंवा मुलांच्या शिक्षणासाठी चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळकडून नागपुरात येणारी मंडळी मला नेहमी एकच प्रश्न विचारतात : या शहरात राहायचे तर कोणती संकेतस्थळे आणि कोणती ॲप खरोखर कामाची आहेत? मी बँकेच्या गृहकर्ज विभागात काम करतो. लोकांची कागदपत्रे रोज नजरेखालून जातात, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे बहुधा घराच्याच निमित्ताने येतो. तुम्हीही विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ॲप शोधण्याआधी आपल्या घराशी जोडलेले क्रमांक एका जागी लिहून ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मौजा (महसुली गाव) आणि खसरा क्रमांक (जमिनीचा भूमापन क्रमांक), महापालिकेच्या मालमत्ता कराचा इंडेक्स क्रमांक, महावितरणचा १२ अंकी ग्राहक क्रमांक आणि पाण्याच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक हाताशी असले, तर ज्या कार्यालयात नोंद होते त्याच कार्यालयाच्या संकेतस्थळावर जाऊन आपली आपल्याला खात्री करून घेता येते. हे क्रमांक नसतील, तर फोनमध्ये कितीही ॲप असली तरी शेवटी कोणाच्या तरी सांगण्यावरच विसंबावे लागते.

याचा सर्वांत मोठा उपयोग प्लॉट किंवा घर घेताना होतो. बेसा, जामठा, वाठोडा, हुडकेश्वर अशा बाजूंना प्लॉट पाहायला गेलात की विकणारा ले-आऊटचे नाव सांगतो, ‘एन.ए., टी.पी., आर.एल. सगळे क्लिअर आहे’ (म्हणजे बिगरशेती परवानगी, नगररचना मंजुरी आणि रिलीज लेटर) असे म्हणतो आणि टोकन, म्हणजे आगाऊ रक्कम, मागतो. पण सरकारी संकेतस्थळांवर ले-आऊटच्या नावाने शोधून फारसे हाती लागत नाही, तिथे मौजा आणि खसरा क्रमांक लागतो. तोही नेमका हवा, कारण हुडकेश्वर बुद्रुक वेगळे आणि हुडकेश्वर खुर्द वेगळे. म्हणून टोकनच्या आधी मौजा, पटवारी हलका (तलाठ्याचा साझा) क्रमांक आणि खसरा क्रमांक लिहून मागा. जो हे द्यायला कां-कूं करतो, त्याच्याशी पुढचे बोलणे करू नये.

हे हाती आले की महाभूलेख हे जमिनीच्या नोंदींचे सरकारी संकेतस्थळ उघडा. नागपूर विभाग निवडा, जिल्हा निवडा, मग तालुका. येथे ‘नागपूर शहर’ आणि ‘नागपूर ग्रामीण’ असे दोन तालुके आहेत, हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. सातबारा नुसता पाहायला पैसे लागत नाहीत, आणि डिजिटल स्वाक्षरी असलेला उतारा १५ रुपयांत मिळतो. उताऱ्यावर नाव आणि क्षेत्र सगळेच पाहतात, पण मी लोकांना तीन जागांवर बोट ठेवायला सांगतो. पहिली जागा भूधारणा पद्धतीची : भोगवटादार वर्ग-२ असे लिहिलेले असेल, तर ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. दुसरी जागा ‘इतर अधिकार’ या रकान्याची, कारण बोजा, कुळ, न्यायालयाचा मनाई हुकूम अशा गोष्टी तेथेच नोंदलेल्या असतात. तिसरी जागा प्रलंबित फेरफाराची, आणि ही ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटते. फेरफार प्रलंबित दिसत असेल, तर त्या जमिनीच्या नोंदीत काहीतरी बदल होऊ घातला आहे, आणि तो काय आहे हे कळेपर्यंत पैसे देऊ नयेत. महाल, इतवारी, धंतोलीसारख्या जुन्या वस्तीत नगर भूमापन झालेले असल्याने सातबाऱ्याऐवजी आखीव पत्रिका पाहावी लागते. तीही याच संकेतस्थळावर ‘मालमत्ता पत्रक’ या नावाखाली सापडते.

यानंतर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर जावे. वर्ष, गाव आणि मिळकत क्रमांक भरला की त्या मिळकतीवर नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो, ती विनामूल्य पाहता येते. एकच प्लॉट दोघांना विकल्याच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. दुसरी विक्री नोंदलेली असेल, तर ती येथे दिसण्याची शक्यता असते. एक-दोन वर्षांचा शोध घेऊन थांबू नका. शक्य तितकी मागची वर्षे पाहा, आणि खसरा क्रमांकाने काही आले नाही तर प्लॉट क्रमांकाने पुन्हा शोधा. वकिलाच्या शोध अहवालाची जागा हा शोध घेऊ शकत नाही, पण वकिलाकडे जाताना आपल्याला काय विचारायचे आहे, हे त्यातून कळते.

नागपूरची आणखी एक अडचण येथे सांगितली पाहिजे : प्लॉटला मंजुरी देणारी कार्यालये येथे एकापेक्षा जास्त आहेत. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याने स्थापन झाले. त्याच्याबरोबर महापालिका आहे आणि शहराबाहेरच्या भागासाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे एनएमआरडीए आहे. शिवाय शेतजमिनीवर परवानगीविना पडलेले कितीतरी ले-आऊट २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित करण्यासाठी घेतले गेले, ज्यांना जुने नागपूरकर अजूनही ‘५७२’ आणि ‘१९००’ या ले-आऊटच्या संख्येच्या आकड्यांनीच ओळखतात. तुमच्या प्लॉटचा नकाशा मंजूर कोणी करायचा आणि नियमितीकरणाचे पत्र द्यायचे कोणी, हे आधी ठरले पाहिजे, कारण एका कार्यालयाचा कागद दुसऱ्याच्या हद्दीत कामाला येत नाही. या बाबतीत मी संकेतस्थळावर थांबायला सांगत नाही. पत्राची प्रत घेऊन ज्याने ते दिले त्या कार्यालयात जावे आणि पत्र खरे आहे का ते विचारावे. बांधकाम सुरू असलेला फ्लॅट किंवा नवा मोठा ले-आऊट असेल, तर काम सोपे आहे : जाहिरातीवर महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, क्यूआर कोड असणे १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक आहे. तो स्कॅन करून प्रकल्पाच्या पानावर पूर्णत्वाची तारीख, तिला मिळालेली मुदतवाढ आणि चालू असलेले दावे वाचावेत.

भाड्याने राहणाऱ्यांसाठी सांगायचे तर, घर शोधायला कोणतेही ॲप किंवा फेसबुकवरचा गट चालेल, करार मात्र नोंदवूनच करावा. ‘अकरा महिन्यांचाच तर आहे, स्टॅम्प पेपरवर नोटरी करून टाकू’ असे येथे सर्रास म्हटले जाते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ऑनलाइन सोयीमुळे आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या हे काम होते. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्यासाठी महाराष्ट्र पोलिसांचे सिटिझन पोर्टल आहे. नव्या शहरात पत्त्याचा पुरावा म्हणून हाच नोंदणीकृत करार पुढे कितीतरी ठिकाणी लागतो, म्हणून घरमालकाला आदराने पण ठामपणे सांगावे.

वीज, पाणी आणि कर यांबद्दल फार लिहायला नको. घर ताब्यात घेण्यापूर्वी ग्राहक क्रमांक टाकून विजेची थकबाकी पाहावी आणि इंडेक्स क्रमांकावरून महापालिकेच्या संकेतस्थळावर कराची. पाण्याची जबाबदारी महापालिकेसाठी ऑरेंज सिटी वॉटर सांभाळते, तेव्हा ते बिलही तपासावे. ‘आज रात्री तुमची वीज कापली जाईल, या क्रमांकावर फोन करा’ असा संदेश कोणत्याही खासगी मोबाइल क्रमांकावरून आला तर तो फसवणुकीचाच असतो. बिल भरले की नाही, ते महावितरणच्या ॲपमध्ये स्वतः पाहावे, आणि पैसे गेलेच तर क्षणाचाही वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

रहिवासी किंवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ‘आपले सरकार’ या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेला मुदत ठरवून दिलेली आहे, आणि ती उलटली तर अपील करता येते. अर्जाचा क्रमांक जपून ठेवलात, तरच त्या अपिलाला बळ येते.

हवामानाविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. नागपूरचा उन्हाळा ज्याने पाहिलेला नाही, त्याला तो पहिल्याच मे महिन्यात जड जातो. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. मे २०२४ च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि तो आकडा घरोघरच्या व्हॉट्सॲपवर फिरला. हवामान विभागाने मागाहून स्पष्ट केले की त्या केंद्रातील सेन्सर बिघडलेला होता. ज्यांना प्रादेशिक हवामान केंद्राचे पान पाहण्याची सवय होती, ते त्या दिवशी घाबरले नाहीत. हेच केंद्र पुढच्या काही तासांचा इशाराही देते, आणि पावसाळ्यात तो अधिक मोलाचा ठरतो. २२ आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या मधल्या रात्री अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी शिरले. नदी किंवा नाल्याच्या काठी घर घेत असाल, तर त्या रात्री पाणी कुठवर आले होते हे शेजाऱ्यांना विचारा, ते कोणत्याही संकेतस्थळापेक्षा नेमके सांगतील. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी दामिनी ॲप ठेवावे, विशेषतः घरातले कोणी शेतावर जात असेल तर.

प्रवासाची बाब सोपी आहे. मेट्रोच्या दोन मार्गिका सीताबर्डीला एकत्र येतात, आणि तिकीट महामेट्रोच्या ॲपवर निघते.

राहिला दवाखाना. मिहानमधल्या एम्सच्या बाह्यरुग्ण विभागासाठी ओआरएस या सरकारी संकेतस्थळावर आधी वेळ घेता येते, त्यामुळे गावाहून आई-वडिलांना आणणाऱ्यांची सकाळची रांग वाचते. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत कोणी भरती असेल आणि रक्ताची गरज पडली, तर ई-रक्तकोष या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा आणि रक्तगट निवडून कोणत्या रक्तपेढीत साठा आहे हे पाहावे. तो साठा त्या त्या रक्तपेढीने भरलेला असतो आणि तासाभरात बदलू शकतो, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून खात्री करावी, आणि डॉक्टरांची मागणी चिठ्ठी व रुग्णाच्या रक्ताचा नमुना सोबत घेऊनच निघावे.